मैतधुऱ्यावर बोट दाखवत नाहीत

पायाखाली बर्फ आहे, जपून उभे राहा. ही सगळी शिखरं, दोन्ही बाजूंच्या दऱ्या, खाली उतरत गेलेली हिमनदी. पोटभर बघा, फोटो काढा. फक्त बोट दाखवू नका. ताई, हात खाली! हसण्यावारी नेऊ नका, एका बोटापायी इथं मुडदे पडलेत.

या शिखराचं नाव मैतधुरा. आमच्याकडे मैत म्हणजे माहेर. पूर्वी इथं बर्फ नव्हतं, माथ्यापर्यंत गवत होतं, असं सांगतात. लग्नानंतरच्या पहिल्या उन्हाळ्यात सासरा सुनेला इथं आणायचा आणि ती बोटानं आपलं माहेर दाखवायची.

या दोन दऱ्यांत कुरणांवरून पिढ्यान्‌पिढ्या कापाकापी चालायची. ती मिटावी म्हणून पलीकडच्या रूपसीचं लग्न अलीकडच्या हरखूच्या मुलाशी लावलं. हरखूनं देवासमोर कुऱ्हाड पुरली. पण त्या नालायकाच्या मनातलं वैर गेलं नव्हतं. रीतीप्रमाणे तो सुनेला घेऊन वर आला.

"ससुरजी, त्या देवदारांमागे धूर दिसतोय ना? माझे भाऊ मेंढ्या घेऊन तिथंच असतात."

"आणि तिथं जायची वाट?"

तिनं तीही बोटानं दाखवली. माहेर दिसल्यावर कुठल्या मुलीला भान राहतं?

हरखूनं शीळ घातली. डोंगराच्या धारेआड दबा धरून बसलेली त्याची माणसं कुऱ्हाडी घेऊन खाली धावली. इथून सगळं दिसतं, ऐकू मात्र काहीच येत नाही. रूपसीनं एकेक भाऊ पडताना बघितला. धाकटा जैमल तेवढा निसटला आणि बहिणीकडे धावत वर आला. तिच्यापासून हातभर अंतरावर हरखूनं त्याचं डोकं फोडलं. रक्त तिच्या तोंडावर उडालं म्हणे.

तिनं कमरेचा विळा काढला, ते बोट दगडावर ठेवलं आणि एका घावात तोडलं. "या वाटेनं गेलेला एकही घरी न जावो," ती म्हणाली. ऐन उन्हात बर्फ कोसळलं. हरखू, त्याची माणसं, रूपसी, सगळेच गाडले गेले. ते बर्फ पुन्हा वितळलं नाही.

आजही हिमनदीच्या तोंडाशी कधी एखादं कुऱ्हाडीचं पातं बाहेर पडतं. कुणी उचलत नाही. आणि आजही नव्या सुनेला सासरा बर्फाच्या कडेपर्यंत आणतो. मीही माझ्या सुनेला आणलं होतं. समोरच्या दरीत तिच्या घराचं पत्र्याचं छप्पर चमकत होतं. मी विचारलं, "ब्वारी," सुनेला आम्ही ब्वारीच म्हणतो, "तुझं मैत कुठे?"

तिनं मुठी मिटल्या. डोळे भरले होते पोरीचे. "दिसत नाही," ती म्हणाली.

"मलाही दिसत नाही," मी म्हणालो, तेव्हा तिनं मुठी सोडल्या.