फळ सरकेना, दाणा मिळेना

एक होती मुंगी. एवढीश्शी! नखावर ठेवली तरी नख रिकामंच वाटेल, एवढीश्शी. तिचं नाव तुरतुरी. कारण ती कधी चालायचीच नाही. सारखी पळायची. तुरु तुरु तुरु!

एकदा तुरतुरीला साखरेचा दाणा सापडला. पांढरा! चमचम करणारा! तिनं तो डोक्यावर घेतला. घरी बारकी भावंडं वाट बघत होती. "आज मी तुम्हाला गोड आणते," असं ती सांगून निघाली होती. छाती फुगवून सांगून निघाली होती, बरं का!

तुरु तुरु तुरु! तुरतुरी ओट्यावर आली. वाटेत भाजी कापायची फळी लागली. मुंगीला फळी म्हणजे केवढं मैदान! तुरतुरी दमली. तिनं दाणा खाली ठेवला आणि जरा बाजूला बसून पाय चोळायला लागली.

तेवढ्यात आला मामा. कुणाचा मामा? कुहूचा. कुहू म्हणजे या घरातली छोटी मुलगी. मामाच्या हातात होतं एक फळ. गुलाबी गुलाबी. अंगभर हिरव्या हिरव्या शेपट्या. त्याचं नाव ड्रॅगन फ्रूट. मामानं फळ नळाखाली धुतलं. आणि फळीवर ठेवलं.

धप्प!

कुठे ठेवलं? बरोब्बर दाण्यावर!

"अगं बाई! माझा दाणा!" तुरतुरी ओरडली. पण मुंगीचं ओरडणं ऐकतो कोण? मामा निघूनसुद्धा गेला.

तुरतुरी फळाला म्हणाली,
"फळा रे फळा, जरा सरक ना! माझा दाणा मिळेना!"

फळ म्हणालं, "मी नाही सरकणार! मी आहे गोल, मी आहे जड. सुरी मला कापेल, तेव्हा सरकेन."

तुरतुरी निघाली. तुरु तुरु तुरु! सुरी होती ताटाळ्यात. लख्ख लख्ख!

"सुरीबाई, सुरीबाई, जरा काप ना! फळ सरकेना, माझा दाणा मिळेना!"

सुरी म्हणाली, "मी नाही कापणार! मला कुठे हात आहेत? आई मला धरेल, तेव्हा कापेन."

तुरतुरी निघाली. तुरु तुरु तुरु! आई होती ओट्यापाशी. हाताला तेल चोळत होती. चपक चपक!

"आई गं आई, सुरी धर ना! सुरी कापेना, फळ सरकेना, माझा दाणा मिळेना!"

आई म्हणाली, "मी नाही धरणार, बाई! असलं फळ मी जन्मात कापलं नाही. फणसासारखं तेल लावायचं? की अननसासारखे डोळे काढायचे? की नारळासारखं आपटायचं? मामा काही बोलेल, तेव्हा धरेन."

तुरतुरी निघाली. तुरु तुरु तुरु! मामा बसला होता बाहेरच्या खोलीत. भिंतीकडे तोंड करून. तुरतुरी चढली थेट त्याच्या मिशीवर.

"मामा रे मामा, जरा बोल ना! आई धरेना, सुरी कापेना, फळ सरकेना, माझा दाणा मिळेना!"

मामा म्हणाला, "मी नाही बोलणार! मी रुसलोय. एसटीत एवढ्या लांबून आणलं फळ. मांडीवर ठेवून आणलं. कुणाला बोट लावू दिलं नाही. आणि कुहू काय म्हणाली? 'ईऽऽ, हे काय!' कुहू हसेल, तेव्हा बोलेन."

बघा! एवढा मोठा मामा, आणि रुसला!

तुरतुरी निघाली. तुरु तुरु तुरु! कुहू होती टेबलाखाली. दोन्ही हातांनी डोळे झाकून. पण बोटांच्या फटीतून बघत होती, लबाड!

"कुहू गं कुहू, जरा हस ना! मामा बोलेना, आई धरेना, सुरी कापेना, फळ सरकेना, माझा दाणा मिळेना!"

कुहू म्हणाली, "मी नाही हशणार! त्या फळाला शेपट्या आहेत. ते मला चावेल. मनीमाऊ उठेल, त्याला हुंगेल, आणि ते नाही चावलं ना, तेव्हा हशेन."

तुरतुरी निघाली. तुरु तुरु तुरु! मनीमाऊ होती खिडकीखाली. उन्हात पसरली होती. घुर्र घुर्र!

"मने गं मने, जरा ऊठ ना! कुहू हसेना, मामा बोलेना, आई धरेना, सुरी कापेना, फळ सरकेना, माझा दाणा मिळेना!"

मनीनं एकच डोळा उघडला. म्हणाली, "मी नाही उठणार! इथे ऊन आहे. पाठ कशी छान भाजतेय. ऊन हटेल, तेव्हा उठेन." आणि डोळा मिटला.

तुरतुरी निघाली. तुरु तुरु तुरु! ऊन कुठे होतं? मनीच्या पाठीवरच! पिवळं पिवळं, गरम गरम.

"उन्हा रे उन्हा, जरा हट ना! मनी उठेना, कुहू हसेना, मामा बोलेना, आई धरेना, सुरी कापेना, फळ सरकेना, माझा दाणा मिळेना!"

ऊन म्हणालं, "मी नाही हटणार! खिडकीतून वाट मिळाली, म्हणून इथे आलो. पडदा हलेल, तेव्हा हटेन."

तुरतुरी निघाली. तुरु तुरु तुरु! भिंतीवर चढली. पडद्यापाशी आली. पडद्यावर निळी निळी फुलं.

"पडद्या रे पडद्या, जरा हल ना! ऊन हटेना, मनी उठेना, कुहू हसेना, मामा बोलेना, आई धरेना, सुरी कापेना, फळ सरकेना, माझा दाणा मिळेना!"

पडदा म्हणाला, "मी नाही हलणार! माझं मी कधी हललोय का? वारा सुटेल, तेव्हा हलेन."

तुरतुरी निघाली. तुरु तुरु तुरु! खिडकीतून बाहेर गेली. बाहेर होतं शेवग्याचं झाड. तुरतुरी त्याच्या एका पानावर चढली. झाडात बसला होता वारा. पाय सोडून. गाल पाडून.

"वाऱ्या रे वाऱ्या, जरा सूट ना! पडदा हलेना, ऊन हटेना, मनी उठेना, कुहू हसेना, मामा बोलेना, आई धरेना, सुरी कापेना, फळ सरकेना, माझा दाणा मिळेना!"

वारा म्हणाला, "मी नाही सुटणार! मला आलाय कंटाळा. मला कुणी हसवेल, तेव्हा सुटेन."

झालं! आता वाऱ्याला कोण हसवणार? तुरतुरीला कुठे गोष्टी येतात? तिला कुठे गुदगुल्या करता येतात? आणि वाऱ्याला काख तरी कुठे असते?

तुरतुरीला बारकी भावंडं आठवली. दारात बसली असतील. ताई आली का, ताई आली का, म्हणत असतील. तुरतुरीला आलं रडू. आणि रडूच्या मागून आला राग. तिनं पाय आपटला. जोराचा श्वास घेतला. आणि एका दमात सुटली,

"पडदा उठेना! ऊन बोलेना! मनी कापेना! कुहू हटेना! मामा हलेना! सुरी हसेना! फळ धरेना! आणि माझी आई सरकेनाऽऽ!"

वारा बघतच राहिला.

"सुरी हसेना?" वारा म्हणाला. "आई सरकेना?"

त्याच्या एका गालात हसू आलं. मग दुसऱ्या गालात आलं. वाऱ्यानं हसू दाबलं. दाबलं, दाबलं, आणि...

"हू हू हू हू! हो हो हो हो!"

वारा हसला आणि वारा सुटला! सूंऽऽऽ!

तुरतुरी पानावरून उडाली. एक कोलांटी! दुसरी कोलांटी! खिडकीतून आत! पडदा हलला, फडफड फडफड! ऊन हटलं, सर्रकन! मनीच्या पाठीवरून गेलं, ते थेट ओट्यावर जाऊन बसलं.

"अरेच्चा, माझं ऊन!" मनी म्हणाली. मनी उठली. उन्हाच्या मागे निघाली. टुणुक! खुर्चीवर. टुणुक! ओट्यावर. समोर बघते तर फळ! मनीनं ते हुंगलं. एक हिरवी शेपटी गेली तिच्या नाकात.

"आऽऽऽक्छी!"

मनी फेकली गेली पिठाच्या परातीत. काळी मनी झाली पांढरी मनी! फळ काही चावलं नाही. ते तसंच बसून राहिलं.

कुहू टेबलाखालून बाहेर आली. कुहू हसली. खुदुखुदु खुदुखुदु! पोट धरून हसली. लोळून हसली.

मामानं हसणं ऐकलं. त्याचा रुसवा गेला पळून. मामा बोलला. धावत धावत येऊन बोलला.

"अगं ताई, तेल कशाला? डोळे कशाला? आपटतेस काय? हा फणस नाही, अननस नाही, नारळ तर नाहीच नाही! उभं काप मधोमध. चमचा घाल कडेनं. फिरव गोल. झालं!"

"एवढंच?" आई म्हणाली.

"एवढंच!"

आईनं तेलाचे हात पुसले. आईनं सुरी धरली. सुरीनं कापलं. खच्च!

फळाचे झाले दोन तुकडे. एक डुगडुग डुगडुग इकडे. एक डुगडुग डुगडुग तिकडे. फळ सरकलं!

तुरु तुरु तुरु! तुरतुरी धावली. आता मिळणार! माझा दाणा मिळणार!

पण दाणा नव्हताच. तिथे होता पाण्याचा एक थेंब. फळ होतं ओलं. दाणा गेला होता विरघळून.

तुरतुरी थेंबापाशी उभी राहिली. वारा सुटला, पडदा हलला, ऊन हटलं, मनी उठली, कुहू हसली, मामा बोलला, आईनं धरलं, सुरीनं कापलं, फळ सरकलं. आणि दाणा मिळालाच नाही. तिला फार फार वाईट वाटलं.

वर मात्र नुसता गोंधळ चालला होता. "बघू, बघू!" म्हणत कुहू खुर्चीवर चढली. फळ आतून पांढरंशुभ्र. आणि पांढऱ्यात काळे काळे ठिपके.

"आई! आत मुंग्या!"

"मुंग्या नाहीत गं, बिया आहेत," आई म्हणाली. आईनं चमचा गोल फिरवला. सुळ्ळकन आख्खा गर सुटला. तिनं त्याच्या फोडी केल्या. एक फोड चमच्यात घेतली.

"नवं फळ आलं की आपल्याकडे पहिला घास कुणाला?"

"घरातल्या सगळ्यात लहानाला!" मामा म्हणाला.

"मग कुहूबाई, आ करा."

कुहूनं आऽऽ केलं. मोठ्ठा आऽऽ! चमचा आला. जवळ आला. अगदी दातांपाशी आला. आणि कुहूनं तोंड मिटलं. तिला फळीवर काहीतरी दिसलं.

"मी नाही लहान!" कुहू म्हणाली.

"मग कोण?"

"ती!"

आईनं वाकून बघितलं. मामानं वाकून बघितलं. मामाची मिशी फळीला लागली, इतकं वाकून बघितलं.

"अगं ताई, खरंच की! ही तर कुहूहून लहान!"

"मग पहिला घास तिचाच," आई म्हणाली. तिनं बोटाच्या टोकावर इवलासा गर घेतला. तुरतुरीच्या समोर ठेवला. त्यात एक काळी बीसुद्धा होती.

तुरतुरीनं चाटून बघितलं. गोड! गार! तिनं मिशा हलवल्या. पुन्हा चाटलं. गोडच!

तिनं तो घास डोक्यावर घेतला. दाण्यापेक्षा केवढा तरी मोठा! आता पळता येईना. डुलत डुलत निघाली. तुऽऽरु... तुऽऽरु... तुऽऽरु...

दारात बारकी भावंडं बसलीच होती.

"ताई, ताई, हे काय? साखर कुठाय?"

"आधी चाटा!" तुरतुरी म्हणाली. छाती फुगवून म्हणाली.

चट चट चट! चट चट चट! मग कुणी काही विचारलंच नाही.

आणि वर? दुसरा घास कुहूनं खाल्ला. तिसरा मामानं. मामाच्या मिशीत बिया अडकल्या. आईनं बोटं चाटली. मनीनं पीठ झटकलं आणि ओट्यावरच्या उन्हात पुन्हा झोपली. घुर्र घुर्र!

फळ संपलं, गोष्ट संपली. हनुवटीवरचा रस पुसून टाका. आणि सांगा बघू, तुमच्या घरात सगळ्यात लहान कोण? नीट शोधा हं. ओट्यावर पण बघा!