कडू तवसं

फार फार जुनी गोष्ट आहे, आणि दोष म्हाताऱ्याचा होता. हे आधीच सांगून टाकलेलं बरं. नाहीतर शेवटी कुणीतरी म्हणतं, "टाळी काही एका हाताने वाजत नाही." इथे एकाच हाताने वाजली. लहानांनी ऐका, थोरांनीही ऐका. थोरांनी जरा जास्तच ऐका.

डोंगर आणि खाडी यांच्यामध्ये एक गाव होतं. गावात देवी होती. नवमीला देवीला धोंडसाचा नैवेद्य लागे. धोंडस म्हणजे काकडीचा गोड भाजलेला केक म्हणा. वेलीवर जून झालेली, हातभर लांब, पिवळी काकडी घ्यायची. तिला तिथे तवसं म्हणत. ते किसायचं, त्यात भाजलेला तांदळाचा रवा, गूळ आणि खोबरं घालायचं, टोपाला हळदीची पानं लावायची, आणि खाली निखारे, झाकणावर निखारे ठेवून मंद भाजायचं. वास सुटला की गावातली भांडणंसुद्धा थोडा वेळ थांबत.

घरोघरी धोंडस होई. पण पहिला नैवेद्य मानकऱ्याच्या घरचा. तो देवीपुढे जायचा, मग गावभर वाटला जायचा, आणि त्यानेच गाव उपास सोडायचं. हा मान त्या घराकडे कुणी दिला, कधी दिला, हे कुणाला माहीत नव्हतं. मानकऱ्यालाही नव्हतं. पण तो असा चालायचा, जसं काही देवीला त्यानेच जन्म दिला.

नैवेद्य देवीच्या आधी चाखायचा नाही, हा नियम सगळ्यांचा होता. त्यात काही वाईट नाही. मानकऱ्याने त्या नियमाला शेपूट लावलं. माझ्या घरात नैवेद्याची काकडीसुद्धा चाखायची नाही, गुळाचा खडा तोंडात टाकायचा नाही, आणि घरची रीत कुणी कुणाशी बोलायची नाही, घरात नाही, पाणवठ्यावर तर नाहीच. नियम देवीचा, शेपूट म्हाताऱ्याचं. हळूहळू ते शेपूटच मोठं झालं.

मागच्या वर्षी धोंडस कडू झालं.

तवसं कधी कधी कडू निघतं. ऐन वाढीत वेलीला पाणी तुटलं की निघतं. वरून कळत नाही. हे गावातल्या प्रत्येक म्हाताऱ्याला माहीत होतं. तरी मानकरी चारचौघांत म्हणाला, "काकडीचा दोष नाही. थोरल्या सुनेच्या हातातच कडवटपणा आहे."

आणि ते सगळे पांढऱ्या मिशांचे शहाणे, ज्यांनी जन्मभर तवशी पिकवली, त्यांनी माना डोलावल्या. एकही बोलला नाही. थोरलीला माहेरी पाठवलं. तिचा नवरा पायाच्या अंगठ्याकडे बघत बसला.

या वर्षी पाळी धाकट्या सुनेची होती.

नवमी जवळ आली तेव्हा धाकटी सासऱ्यापुढे उभी राहिली. आढ्याला सुंभाने बांधलेली तवशी ओळीने टांगली होती. मानकऱ्याने काठीने त्यातलं सगळ्यात मोठं दाखवलं. "हे."

"मामंजी, हे कडू निघालं तर?"

"कडू काकडी नसते. कडू हात असतो."

"पण एक फोड चाखून बघितली तर..."

"माझ्या आईने चाखली नाही. तिच्या सासूने चाखली नाही. तू कोण लागून गेलीस?"

"त्यांचं कधीच कडू झालं नाही?"

म्हाताऱ्याकडे उत्तर नसलं की तो काठी आपटायचा. त्याने काठी आपटली. "बिघडवलंस तर थोरली ज्या वाटेने गेली ती वाट तुला दाखवायला लागणार नाही."

धाकटीचं माहेर उरलं नव्हतं. आईबाप गेले होते, घरात भाऊबंदांनी गुरं बांधली होती. तिला पाठवलं तर ती वाट कुठेच जात नव्हती. ती रडली नाही. तिने कळशी उचलली आणि सरळ पाणवठ्यावर गेली, जिथे बोलायची बंदी होती.

तिथे बायकांची धोंडसाचीच बोलणी चालली होती.

"रवा जाड ठेव गं. बारीक केलास की खळ होते, भिंतीला लाव मग."

"हळदीची पानं कुठे मिळतील? आमच्या परसातली डुकरांनी उकरली."

"माझ्या मडकी भाजायच्या आव्यामागची ने की," कुंभारीण म्हणाली. "फुकट नको. पानाला एक वडी आणून दे."

"तुझ्या मडक्याइतकी मोठी वडी?"

"तुझ्या तोंडाइतकी चालेल."

सगळ्या हसल्या. धाकटीने विचारलं, "तवसं कडू आहे हे आधी कसं ओळखायचं?"

हसणं थांबलं. कुणी घागर घासायला लागली, कुणी पदर पिळायला लागली. मानकऱ्याच्या घरचं कोण बोलणार? शेवटी कुंभारीण म्हणाली, "ज्यांच्यावर शेकलं त्यांना विचार. तुझ्या जावेला. डोंगरापलीकडे आहे, मेली नाही."

धाकटी दुसऱ्या दिवशी डोंगर चढून गेली.

थोरली अंगणात भात वाळवत होती. तिने मान वर केली. "आलीस? तुलाही हाकललं?"

"अजून नाही. म्हणून तर आले."

"मग बस. हाकललेल्यांना इथे उभंच ठेवतात." थोरली हसली, पण ते हसणं ओठांपुरतंच होतं. "बोल."

"जाऊबाई, मागच्या वर्षी काय झालं?"

"काय व्हायचंय? किसताना बोटं लागली तोंडाला. कडू जहर. मी मामंजींना म्हटलं, दुसरं काढू या. म्हणाले, चाखलंस? चाखलंस म्हणजे उष्टं केलंस, हे बाहेर सांगू का? मी घाबरले. गप्प बसले आणि तेच भाजलं. माझी चूक झाली तर ती एवढीच. गप्प बसायला नको होतं."

"आणि ओळखायचं कसं?"

"देठाकडून बोटभर फोड काप. कडूपणा असला तर तिथे आधी असतो. जिभेला लाव. कडू लागली तर अख्खं तवसं गुरांना. रंग बघू नकोस, आकार बघू नकोस. गूळ वाढवून झाकायला तर जाऊच नकोस, गूळ आणि कडू दोन्ही कळतात."

"मग नियम?"

"अगं बाई, देवीपुढे ठेवायला केलं की नैवेद्य. आढ्याला टांगलेली असते तोवर ती काकडीच."

धाकटीने हे दोनदा स्वतःशी म्हटलं. मग ती म्हणाली, "मीही एक सांगते. तुमचं धोंडस वरून पांढरं राहायचं. झाकणावर लाकडाचे निखारे घालू नका, करवंटीचे घाला. धग एकसारखी राहते. माझी आई तसंच करायची."

"हे लग्न होऊन आलीस तेव्हाच का नाही सांगितलंस?"

"घरची रीत बोलायची बंदी होती ना. तुमचीही आणि माझीही."

दोघी एका चुलीवर इतकी वर्षं राबल्या होत्या, आणि एकमेकींना एवढंही सांगितलं नव्हतं. थोरांची शिस्त ती हीच.

निघताना थोरली म्हणाली, "लपून चाख हो. त्यांच्यासमोर नको."

"लपून चाखलं आणि गोड झालं, तर ते म्हणतील, बघा, धाकटीचा हात गोड. म्हणजे तुमचा कडूच राहिला. मी समोर चाखणार."

"घर जाईल तुझं."

"कडू झालं तरी जाणारच आहे. मग तोंड मिटून कशाला घालवू?"

नवमीची सकाळ झाली. मानकऱ्याच्या ओटीवर गावातले जाणते जमले होते. काम कुणालाच नव्हतं, बघायला सगळे हजर. सासऱ्याने दाखवलेलं तवसं धाकटीने खाली उतरवलं, धुतलं, पाटावर ठेवलं. विळीवर देठाकडची फोड कापली. मानकऱ्याकडे बघत ती फोड तिने जिभेला लावली, आणि बाहेर जाऊन थुंकली.

"कडू आहे," ती म्हणाली.

"उष्टावलंस!" म्हातारा उठला. "देवीचा नैवेद्य उष्टावलास!"

"ही अजून काकडी आहे, मामंजी. खोटं वाटत असेल तर तुम्ही चाखा." तिने दुसरी फोड कापून पुढे धरली.

फोड बोटभर होती. ती त्याने तोंडात टाकली असती तर घर वाचलं असतं, मान वाचला असता. ओटीवरच्या शहाण्यांपैकी एकाने जरी म्हटलं असतं की घ्या हो चाखून, तरी वाचलं असतं. पण शहाणे छपराकडे बघत राहिले. मानकऱ्याने काठीने तिच्या हातातली फोड उडवली.

"चालती हो."

धाकटीने मडक्यातला रवा घेतला. तो तिनेच भरडला होता. दारात तिचा नवरा उभा होता. त्याचीही नजर पायाच्या अंगठ्याकडे वळायला लागली होती. त्या घराची सवयच ती.

"येताय?" तिने विचारलं.

तो आढ्याकडे गेला आणि त्याने टांगलेलं दुसरं एक तवसं सोडवलं. बापाला न विचारता त्याने उचललेली ही पहिली वस्तू. ते खांद्यावर टाकून तो बायकोच्या मागे निघाला.

"काकडी ठेव खाली!" म्हातारा ओरडला.

"तुम्हाला एक आहे ना निवडलेली," मुलगा म्हणाला. "मोठी आहे. पुरेल."

आता मानकऱ्याला माघार घेता येईना. घेता येत होती, पण त्याला येईना. त्याने धोतर खोचलं आणि तेच तवसं स्वतः किसलं. रवा शेजारून मागवला. गूळ दुप्पट घातला. जाणत्यांनी फुंकण्या फुंकल्या, धुराने डोळे चोळले, आणि एकमेकांना सांगितलं की पुरुषाच्या हातची गोष्टच वेगळी.

तिकडे कुंभारणीच्या अंगणात धाकटीने नवं तवसं कापलं. चाखलं. फोड कुंभारणीला दिली, तिनेही चाखली. "गोड नाही, कडूही नाही. काकडी आहे," ती म्हणाली. मग एकीने गूळ आणला, एकीने नारळ फोडला, करवंट्यांचे निखारे झाले. हळदीची पानं आव्यामागची होतीच. जी बाई यायची ती काहीतरी सांगायची, काहीतरी विचारायची. बंदी मोडली हे कुणाच्या लक्षातही आलं नाही.

दुपारी देवळात दोन टोप आले. मान मानकऱ्याचा, म्हणून त्याचं धोंडस देवीपुढे गेलं. मग वाटलं गेलं. उपाशी गावाने पहिला घास तोंडात घातला.

घास गिळवेना आणि प्रसाद थुंकवेना. जाणत्यांच्या मिशा हलत होत्या आणि डोळ्यांत पाणी होतं.

तेव्हा कुंभारणीने तोंडावरचा पदर काढला आणि सरळ विचारलं, "मानकरी, या वर्षी हात कुणाचा होता?"

म्हातारा काठी आपटायला गेला. काठी ओटीवरच राहिली होती.

गुरवाने दुसरा टोप उचलून देवीपुढे ठेवला. वरून तांबूस, एकसारखा भाजलेला. गावाने त्याने उपास सोडला. डोंगर उतरून थोरलीही आली होती, तिने सगळ्यांसमोर वडी खाल्ली आणि धाकटीला म्हणाली, "करवंटीचं खरं निघालं हो."

पुढच्या वर्षापासून मान कुठल्याच एका घराकडे राहिला नाही. नवमीच्या सकाळी पाणवठ्यावर सगळ्यांची तवशी कापायची, सगळ्यांनी चाखायची, चांगलं निघेल त्याचं धोंडस देवीला. रीत जिला हवी तिने विचारायची, जिला येते तिने सांगायची.

मानकऱ्याने दोन्ही सुनांना निरोप धाडला. "झालं गेलं विसरा आणि घरी या." थोरांना विसरणं फार आवडतं, चूक त्यांची असली की.

थोरलीने उलट निरोप दिला, "ओटीवर सगळ्यांना बोलवा आणि एवढंच म्हणा, की थोरलीचा हात कडू नव्हता. त्याच पावली येते."

एक वाक्य होतं. त्याने ते म्हटलं नाही, आणि थोरली आली नाही म्हणून धाकटीही आली नाही. थोरला मुलगा घरी राहिला, पण बापाशी बोलायचं त्याने सोडलं. म्हातारा ओटीवर बसून येणाऱ्याजाणाऱ्याला आपल्या आईच्या हातच्या धोंडसाची चव सांगायचा. हळूहळू लोक दुसऱ्या वाटेने जायला लागले.

बोध एवढाच: जो स्वतःची चूक कुणाला तपासू देत नाही, तो मोठा नसतो, नुसता म्हातारा असतो.

मानकऱ्याच्या दोन्ही सुना गेल्या, धाकटा मुलगा गेला, देवीचा मान गेला, आणि यातलं काहीही परत आलं नाही.