उजेडाची डॉक्टरीण

“...मग बाया परत का येत नाहीत, बाबा?”

सकाळचे दहा वाजून दहा मिनिटं झाली होती. मठातल्या बाबांच्या खोलीत खिडकीतून ऊन थेट आत आलं होतं. डॉक्टर हेमलता निंभोरकर दंडवत घालून बसल्या त्या बोलायलाच लागल्या.

अर्धशिशी उठली की मेंदूत नेमकं काय होतं, हे शोधण्यात बाईंचं अर्धं आयुष्य गेलेलं. त्यातही दुखणाऱ्याला उजेड का सोसत नाही, हा त्यांचा खास विषय. परदेशात त्यांच्या व्याख्यानाला लोक उभं राहून टाळ्या वाजवायचे. इथल्या गावांतल्या बाया मात्र तपासणीला एकदा यायच्या, दुसऱ्यांदा नाही. आता सगळं कामच बंद पडायची वेळ आली होती.

“तुम्ही निरोप दिला तर येतील. तुमच्या शब्दाबाहेर नाहीत त्या.”

बाबा भिंतीकडं तोंड करून बसलेले. कपाळाला ओला पंचा.

“हं...”

“अडाणी आहेत हो! अंगारे-धुपारे करतील, पण मशीनपाशी बसायला नको. आणि लाजतात तरी किती! समोर बसवलं की ओढलाच पदर डोळ्यांवर. मी म्हणते, अगं, मी काय तुझा सासरा आहे का? काढ तो पदर!”

बाबांनी पंचा कपाळावर दाबून धरला.

बाईंनी लॅपटॉप उघडून त्यांच्या तोंडासमोर धरला. “हा बघा मेंदू. इथून कळ निघते...”

बाबांनी डोळे मिटले.

“बाबा, लक्ष आहे ना? की समाधी लागली?”

“आहे, पोरी... बोल तू.”

एवढं म्हणून बाबा उठले. भिंत धरत धरत मोरीपर्यंत गेले आणि भडभडून ओकले.

बाई धावल्या. “काय होतंय? डोकं? एकाच बाजूनं? कधीपासून?” बोलता बोलता, हाताच्या सवयीनं, त्यांनी मोबाईलची बॅटरी लावली आणि म्हाताऱ्याच्या डोळ्यांत धरली.

कपाळावरचा पंचा बाबांनी हळूच खाली, डोळ्यांवर ओढला.

बाईंचा हात तसाच राहिला...

बॅटरी विझवायचंही सुचेना. कानाच्या पाळ्या तापल्या. ट्यूबलाइटखाली बसवलेली एकेक बाई आठवायला लागली. काढ म्हटलं की मुकाट्यानं पदर काढणारी. एकीनं तर काढता काढता, चुकलं बाई, असंही म्हटलं होतं.

तान्हं उठू नये म्हणून आई जशी कडी लावते, तशी त्यांनी खिडकी लावली. बाबांना आडवं केलं. पंचा पुन्हा भिजवून ठेवला आणि खाली मान घालून अंधारात बसून राहिल्या.

बऱ्याच वेळानं बाबाच बोलले.

“निरोप द्यायचा होता ना? ओसरीवर बसल्यात बाया. तूच दे जा.”

“मी?... कोणत्या तोंडानं जाऊ, बाबा? काय सांगू त्यांना?”

“काहीही सांग. त्या पुढं गावोगाव पोचवतील...”

बाई उठल्या. दाराशी पोचल्या, तेव्हा पंच्याखालून आवाज आला,

“पण हळू सांग, पोरी.”