एक वाटा चिवडा

एकदा एका तालमीत एक तरुण महिला मल्ल वजनाच्या काट्यावर मान खाली घालून उभी होती. निवड चाचणीत ती कुस्ती हरली नव्हती. वजनी गटापेक्षा थोडी जास्त भरली म्हणून कुस्ती न खेळताच बाद झाली होती. फेरचाचणी महिन्याभरात होती आणि काटा खाली यायचे नाव घेत नव्हता.

"खातेस काय?" वृद्ध वस्तादांनी विचारले.

"भाकरी, पालेभाजी, दूध. आणि संध्याकाळी हा डाएट चिवडा, एकच पाकीट." तिने पाकीट पुढे केले. हिरव्या पानाच्या चित्राखाली ठळक छापले होते, 'फक्त नव्वद कॅलरी'. "सगळं मोजून खाते, वस्ताद. तरी उतरत नाही. माझ्यातच काहीतरी खोट आहे. उद्यापासून रात्रीची भाकरी बंद."

वस्तादांनी पाकीट उलटे केले, लांब धरून बराच वेळ वाचले आणि म्हणाले, "उद्यापर्यंत थांब."

दुसऱ्या दिवशी त्या चिवड्याचा व्यापारी स्वतःच तालमीत यायचा होता. जिल्ह्याचे मैदान मारल्यापासून या मुलीला सगळे ओळखत होते; पाकिटावर त्याला तिचा फोटो हवा होता.

तो आला. "ताई आमचाच चिवडा खातात म्हणे! मग फोटो द्यायला काय हरकत?"

"आधी फराळ," वस्ताद म्हणाले. त्यांनी परातीएवढे ताट मांडले, पाकीट फोडले, स्वयंपाकघरातल्या छोट्या काट्यावर मूठभर चिवडा तोलला आणि ताटाच्या मधोमध ठेवला. उरलेले पाकीट शिष्येच्या हाती देऊन म्हणाले, "कपाटात ठेव."

ती गोंधळली. पाहुण्याचा असा पाहुणचार तिने कधी पाहिला नव्हता.

व्यापाऱ्याने दोन घासांत ताट रिकामे केले. "वस्ताद, चव दाखवताय होय? घाला की अजून!"

"झालं तुमचं."

"झालं? अहो, एवढ्यानं दाढसुद्धा ओली होत नाही!"

"पण वाटा तुम्हीच ठरवलाय, शेठ. पोरी, मागचं बारीक अक्षर वाच."

तिने कपाटातले पाकीट काढून वाचले. "एक वाटा, वीस ग्रॅम. पाकिटातले वाटे, आठ." ती थबकली. नव्वद कॅलरी एका वाट्याच्या होत्या. "म्हणजे रोज संध्याकाळी मी अख्खं जेवण जेवत होते? आणि आठ वाट्यांचं पाकीट, पण फोडलं की पुन्हा बंद करायची सोयसुद्धा नाही!"

व्यापारी हसला. "सगळेच असं छापतात, ताई. नियमात बसतं. खोटं कुठे लिहिलंय?"

तेव्हा वस्तादांचा आवाज चढला. "कुणीही खाणार नाही एवढा घास कागदावर मांडायचा आणि त्याच्या जोरावर अख्खं पाकीट हलकं म्हणून विकायचं! ज्यानं वाटा ठरवला त्यालाच तो पुरत नाही, हे आत्ता त्याच्याच तोंडून ऐकलं." मग ते शिष्येकडे वळले, तेव्हा शब्द मऊ झाले होते. "पोरी, तू जीभ आवरलीस, भूक आवरलीस आणि वर दोष स्वतःलाच दिलास. खोट तुझ्यात नव्हती. भाकरी सोडू नकोस."

मुलीने पाकिटावरची नजर वर उचलली. कित्येक दिवसांत प्रथमच तिची मान ताठ होती.

"फोटो देते, शेठ," ती शांतपणे म्हणाली. "पण पुढच्या बाजूला नको. मागे छापा, त्या बारीक अक्षरांच्या शेजारी. आणि माझ्या हातात तुमचा एक वाटा दिसू द्या, आहे तेवढाच."

व्यापाऱ्याला एकाएकी दुसरीकडे जायचे आठवले. तो गेल्यावर तिने हातातले पाकीट केराच्या टोपलीत टाकले आणि रात्रीच्या भाकरीचे पीठ मळायला बसली.

पाकिटावरचा आकडा पाहून स्वतःची लाज वाटू लागली, तर आधी एवढेच विचारावे, हा घास मोजताना समोर माणूस बसवला होता की चिमणी?