कडुलिंबाखालची खुर्ची

एकदा एक तरुण छायाचित्रकार आपल्या बहिणीच्या लग्नाची जागा पाहायला निघाला आणि सोबत गुरूंनाही घेऊन गेला. तरुणाचे नाव सारंग. गुरूंना सगळे अण्णा म्हणत. उभा जन्म लग्नांचे फोटो काढण्यात गेलेला, बोलणे मोजके आणि तेही बहुधा तिखट. सारंगचे वडील तो लहान असतानाच गेले होते. आईने शिवणयंत्रावर दोन्ही मुले वाढवली. तिने लेकाकडे एकच गोष्ट मागितली होती, "मुहूर्ताच्या वेळचा आम्हा मायलेकींचा एक फोटो काढ रे."

जागा तळ्याकाठी, उघड्यावर होती आणि मुहूर्त गोरज. सूर्य कुठे बुडेल, पाण्यावरचा उजेड मांडवात कसा येईल, हे पाहून सारंग हरखून गेला. तळे, डोंगर, मांडव सारे एका चौकटीत मावावे म्हणून त्याने वाइड लेन्स नक्की केली. लांबचे जवळ आणणारी लेन्स जड, ती घरीच ठेवायची ठरली.

"तुझी आई कुठे बसेल?" अण्णांनी विचारले.

"बसेल की कुठेतरी."

तेव्हा अण्णांनी एक विचित्र गोष्ट केली. मांडवाच्या जागेवरची प्लास्टिकची खुर्ची उचलून दूर, आचाऱ्यांच्या चुलाणांपलीकडे कडुलिंबाखाली नेली आणि तिच्यावर जाऊन बसले. "काढ माझा फोटो," ते तिथून ओरडले. फोटोत अण्णा तांदळाच्या दाण्याएवढे दिसले. सारंगला हसू आले. "अहो, तिथे कोण बसणार आहे?" अण्णा उठले, खुर्ची उचलली आणि तेवढेच अंतर पुन्हा चालून ती मांडवात, पहिल्या रांगेच्या जागी आणून ठेवली.

लग्नात कन्यादानाला काका-काकू बसले. आई पुढे येऊ लागली तशी आत्या हळूच म्हणाली, "वहिनी, तुम्ही तिकडे बसा. शुभकार्य आहे, उगीच कोणी बोलायला नको." जिने हे लग्न उभे केले तिचीच लग्नाला अडचण, असे आपले शास्त्र. आई मुकाट्याने कडुलिंबाखाली जाऊन बसली. सारंगने हे सारे ऐकले होते. पण सूर्य टेकला होता आणि त्याला तो उजेड हातचा जाऊ द्यायचा नव्हता.

फोटोंची सगळ्यांनी वाहवा केली. आईने एकेक नीट पाहिला. "मी कुठे नाही वाटतं," एवढेच म्हणाली आणि चहा टाकायला उठली. सारंगने तळ्याच्या फोटोत कडुलिंब शोधला. फोटो मोठा करत गेला तसा तिचा चेहरा विरत गेला.

तो अण्णांकडे गेला. "चुकलं माझं. लांबची लेन्स न्यायला हवी होती. तुम्ही तेव्हाच का नाही सांगितलंत?"

"लेन्सचं नाव घेऊ नकोस," अण्णा म्हणाले. "लांबच्या लेन्सनं काय टिपलं असतंस? एकटी बसलेली आई, अगदी स्पष्ट. लोकांनी त्याचीही वाहवा केली असती. मी खुर्ची तिकडे नेली तेवढंच तू पाहिलंस, परत आणली ते पाहिलंच नाहीस. नवरीचा भाऊ होतास तू. आईला हाताला धरून आणली असतीस तर कोण अडवणार होतं तुला? खुर्ची प्लास्टिकची होती रे. एका हातानं उचलता येते."



हल्ली सारंग कुठेही लग्नाची जागा पाहायला गेला, की उजेडाची चौकशी नंतर करतो. आधी विचारतो, घरातले कोण मागे बसणार आहे. पुष्कळांच्या आया त्याने भांडून पुढे आणून बसवल्या. बहीण मात्र त्याला एकच होती.