वेशीवरचा मोर

एका राज्यात, जिथे डोंगर समुद्रात पाय सोडून बसले होते, एक नगर होते. नगराच्या वेशीवर रत्नांचा मोर होता. अंग सोन्याचे, पिसारा पाचूचा, एक डोळा निळा, एक तांबडा. रोज सकाळी तो एकदाच ओरडे. ते ओरडणे सात समुद्रांपलीकडे ऐकू जाई, आणि तिकडची माणसे गलबतांत बसून हे नगर पाहायला येत.

मोर राजाला अंजनसिद्ध नावाच्या मांत्रिकाने दिला होता. राजा म्हणाला होता, "माझं नगर साऱ्या जगानं पाहावं."

मांत्रिक म्हणाला, "पाहील. पण निळ्या डोळ्यामुळे परदेशी माणसाला तुमच्या प्रजेचं दुःख दिसणार नाही. तांबड्या डोळ्यामुळे प्रजेला परदेशी माणसाचं दुःख दिसणार नाही. चालेल?"

"दुःख कशाला दिसायला हवं?" राजा म्हणाला. "चालेल."

तसे बारा वर्षे चालले. मग शाप अंगावर उमटू लागला. परदेशी लोक ज्याच्याकडे फार वेळ पाहत, त्याचे अंग हळूहळू दगडाचे होई. आणि नगरातले लोक ज्या परदेशी माणसाच्या फक्त कमरेच्या पैशांच्या पिशवीकडे पाहत, त्याचा चेहरा हळूहळू पुसला जाई. चेहरा पुसला की त्याला घरची वाट आठवत नसे. असे चाळीसेक जण गल्ल्यांतून फिरत. लोक त्यांना वळसा घालून जात. इकडे देवळापुढची माळीण, टोपलीसकट, बसल्या जागी दगड झाली. तिची सून रोज त्या टोपलीत चार ताजी फुले ठेवी. परदेशी लोक थांबून म्हणत, "काय सुंदर मूर्ती आहे!"

या नगरात सटवाजी नावाचा म्हातारा कुंभार राहत होता. त्याची बायको येसू. सटवाजी चाकावर मडके उतरवी आणि येसू दाराशी बसून ते ठोकून घेई. आतून गोटा धरायचा, बाहेरून लाकडी चोपणी मारायची. तिच्या हाताला अशी लय होती की शेजारची बाळे त्या आवाजावर झोपत. परदेशी लोक ते पाहायला दाटी करत. शेजारचा भागोजी तेली हसे आणि म्हणे, "सटवाजी, यांच्या देशात ऊन नाही म्हणे. इथं येऊन भाजून घेतात. बसव की दोघाचौघांना तुझ्या आव्यात, पक्के होऊन निघतील!"

सटवाजीही हसे. मग एका सकाळी येसू उठायला गेली आणि तिला उठता येईना. पावले दगडाची झाली होती.

"बरं झालं," येसू म्हणाली. "आता पाय दुखायचे नाहीत."

सटवाजीने तिच्या पावलांवर घोंगडी घातली. त्यानंतर तो हसला नाही.

सगळे परदेशी येत आणि जात, पण करड्या झग्यातली एक बाई रोज येई. समोरच्या धोंड्यावर बसे आणि येसूच्या हातांकडे पाहत राही. बोलणे नाही, विचारणे नाही. महिना झाला. तिचा चेहरा डोळ्यांखाली पुसट झाला होता. येसूचे गुडघे गेले, हात कोपरापर्यंत जड झाले. सटवाजी त्या बाईकडे पाही आणि चाकाची काठी आपटे.

एक दिवस तो नदीवर माती काढायला गेला. काठावर टिटवी होती. त्या राज्यात पक्षी बोलत, पण कामापुरतेच.

टिटवी म्हणाली, "कुंभारा, माती कशाला नेतोस? तिसऱ्या दिवशी सूर्य बुडताना तुझ्या बायकोच्या काळजाचा दगड होईल."

"उपाय कुणापाशी?"

"ज्यानं मोर दिला त्याच्यापाशी. चुन्याच्या डोंगरावर."

इतके बोलून ती उडून गेली. सटवाजीने मातीची पाटी तिथेच ठेवली आणि डोंगराची वाट धरली.

अंजनसिद्ध डोंगरमाथ्यावर एकटा बसला होता. चुना उडून उडून त्याच्या भुवयाही पांढऱ्या झाल्या होत्या. त्याने सगळे ऐकले आणि म्हणाला, "मी दिलं ते मला मोडता येत नाही. तुला येईल. तीन गोष्टी मोराच्या पायाशी ने. परदेशी माणसाच्या हातची भाकरी. परदेशी माणसाचं नाव. परदेशी माणसाचं दुःख. मागायचं नाही, विकत घ्यायचं नाही, चोरायचं नाही."

सटवाजी म्हणाला, "महाराज, भाकरी आणि नाव समजलं. पण त्यांना दुःख असतं?"

"तेही तुमच्याबद्दल मला हेच विचारतात," मांत्रिक म्हणाला.

सटवाजी डोंगर उतरला. दोन दिवस पोटात अन्न नव्हते. बंदराच्या पायऱ्यांवर त्याला घेरी आली आणि तो खाली बसला. लोक येत होते, जात होते. कुणीतरी त्याच्या शेजारी टेकले. पाहतो तर एक म्हातारा परदेशी खलाशी. त्याचा अर्धा चेहरा पुसून गेला होता, एक डोळा, अर्धे नाक आणि अर्धे ओठ तेवढे उरले होते. खलाशाने झोळीतून भाकरीसारखे काहीतरी काढले. ते लाकडासारखे कडक होते. त्याने ते पाण्यात भिजवले, मोडले आणि मोठा तुकडा सटवाजीच्या हातात दिला. देताना त्याच्या तळव्यावर दोरखंडांचे घट्टे दिसले. सटवाजीच्या तळव्यावरही तसेच घट्टे होते. इतक्या वर्षांत त्याने परदेशी माणसाचा हात असा जवळून पाहिला नव्हता.

त्याने निम्मी भाकरी खाल्ली, निम्मी शेल्याच्या टोकाला बांधली.

आता नाव. मागायचे तर नव्हते. नगरात अशी समजूत होती की परदेशी लोक इथल्या माणसांची नावे पेटीत घालून समुद्रापार नेतात. म्हणून कुणी त्यांना खरे नाव सांगत नसे. भागोजी तर विचारील त्याला सांगे, "मी इथला प्रधान." सटवाजी खाली मान घालून बसला. ज्याची भाकरी खाल्ली त्याला खोटे काय सांगायचे? त्याने छातीवर हात ठेवला आणि म्हणाला, "सटवाजी."

खलाशाचे अर्धे ओठ हलू लागले. फार दिवस बंद असलेले दार उघडावे तसा आवाज आला.

"ब्रांदो," तो म्हणाला.

त्याबरोबर त्याची दुसरी भुवई दिसू लागली. "ब्रांदो, ब्रांदो," तो भराभर म्हणू लागला, पुन्हा विसरण्याआधी. सटवाजीने ते नाव नीट मनात धरले आणि घरी निघाला.

तिसरा दिवस होता. दुपार कलली होती. येसू दाराशीच होती, बरगड्यांपर्यंत दगड. हात मांडीवर तसेच पडले होते, गोट्यासकट.

"जेवलात का?" तिने विचारले.

आणि समोर ती करड्या झग्यातली बाई बसली होती.

सटवाजीचे भान गेले. त्याने चोपणी उचलली आणि तिच्या अंगावर धावला. "ऊठ! चालती हो! तुझ्या डोळ्यांनी माझं घर खाल्लं!"

"अहो, नका!" येसू ओरडली. "बाईमाणूस आहे ती."

ती बाई हलली नाही. पुसट ओठांनी, नगरातली भाषा अडखळत जोडत म्हणाली, "मी त्रास देते? माफ करा. तुमची बाई फार शांत बसते. आमच्याकडे कुणी इतकं सुखात बसत नाही. पाहून मला बरं वाटतं."

"सुखात?" सटवाजीच्या हातातली चोपणी गळून पडली. "बाई, ती सुखात नाही. तिचा दगड होतो आहे. हात लावून बघ."

बाईने वाकून येसूच्या पावलाला हात लावला आणि चटका बसल्यासारखा मागे घेतला. मग पुन्हा लावला आणि तिथेच ठेवला. "मला दिसलं नाही," ती म्हणाली. "रोज बघत होते, आणि मला दिसलं नाही."

कुणी काही विचारले नव्हते. तीच बोलू लागली. "माझ्या आईचे हात असे होते. ती अशीच पीठ मळायची, त्यावर असेच थापटे मारायची. मी गलबतावर होते तेव्हा ती गेली. मला इथं आल्यावर कळलं. माती द्यायला मी नव्हते. आता घर आठवत नाही. तिचा चेहरा आठवत नाही. हात तेवढे आठवतात."

"म्हणून रोज येत होतीस होय गं," येसू म्हणाली.

त्या नगरात एक रीत होती. घरात कुणी गेले की घरचे माणूस कुंभाराकडे येई आणि न बोलता दाराशी बसे. काही मागायचे नाही. कुंभाराने समजायचे, चाकावर बसायचे आणि तिरडीपुढचे मडके उतरवायचे. मडके तयार झाले की गेलेल्याचे नाव मडक्याच्या तोंडाशी म्हणायचे, मग ते फोडायचे. सटवाजीने जन्मभर कुणाला ताटकळत ठेवले नव्हते. गावातले माणूस असते तर पहिल्याच दिवशी त्याने चाक फिरवले असते. आणि ही पोर महिनाभर त्याच्या दारात बसली होती.

तो चाकाशी गेला. मडके उतरवले. भाजायला वेळ नव्हता, कच्चेच दोन्ही हातांवर घेऊन तिच्यापुढे धरले.

"नाव बोल, पोरी. आईचं."

तिने मडक्याच्या तोंडाशी ओठ नेले. "अनेस," ती म्हणाली, आणि मोठ्याने रडली. सटवाजी पाहत राहिला. तिच्या ओठांना आकार आला, गाल आले, हनुवटी आली. त्याच्या धाकट्या लेकीएवढी असेल.

"लवकर जा," येसू कशीबशी म्हणाली. तिचा श्वास अडकत होता.

सूर्य पाण्याला टेकायला आला होता. सटवाजी आणि ती पोर वेशीवर पोचली तेव्हा शिपायांनी भाले आडवे केले. वेशीच्या बुरुजावरून राजा बोलला.

"कुंभारा, मोराला हात लावू नकोस. तो गेला तर गलबतं येणार नाहीत."

"महाराज, माझी बायको दारात दगड होते आहे."

"नगराची शान जाईल."

"महाराज, तुम्ही अंगावरची शाल कधी काढत नाही. का?"

राजाने डाव्या हाताने शाल बाजूला केली. उजवा हात खांद्यापासून दगड होता. सगळ्यात जास्त त्याच्याकडेच पाहिले गेले होते.

"भाले घ्या मागे," राजा म्हणाला.

सटवाजीने भाकरी मोराच्या पायाशी ठेवली. "ब्रांदो," तो मोठ्याने म्हणाला. मग मडके त्या पोरीच्या हातात दिले. तिने ते खांद्यावर घेतले, वेशीला एक फेरी घातली आणि मोरापुढे टाकले. कच्चे मडके फुटले, आवाजही फार झाला नाही.

मोर एकदा ओरडला. ते ओरडणे वेशीपलीकडेही गेले नाही. निळा डोळा गळला, तांबडा गळला. जमिनीवर दोन साधे खडे पडले. सोन्याची माती झाली.

नगरातली माणसे जागच्या जागी थांबली आणि एकमेकांकडे पाहू लागली. भागोजी तेली दारातल्या एका परदेशी म्हाताऱ्याला म्हणाला, "अहो, पाय केवढा सुजलाय तुमचा!" आणि तेल आणायला आत गेला. बिनचेहऱ्यांना चेहरे आले, वाटा आठवल्या. काहींना हेही आठवले की घरी आता वाट पाहणारे कुणी नाही. ते रस्त्यातच बसले, आणि लोक त्यांच्याजवळ बसले. पण जे पुरते दगड झाले होते, ते तसेच राहिले. माळणीची सून टोपलीत फुले ठेवायची थांबली नाही.

सटवाजी धावत घरी आला. येसूच्या छातीचा दगड विरला होता, कमरेचा विरला, पायांचा विरला. ती दाराच्या चौकटीला पाठ लावून उभी होती. मनगटांपर्यंत ती पुन्हा माणूस झाली, आणि तिथे थांबली. हात दगडाचेच राहिले. सटवाजी ते हात आपल्या तळव्यांत घेऊन चोळत बसला, पण ऊब येईना. त्या दिवसापासून तो तिला घास भरवू लागला.

राजाने नगरात नवा नियम केला. वेशीवर मोर नाही, पहारा नाही, एक माणूस आणि पाण्याची घागर. येणाऱ्याने आपले नाव सांगायचे, त्या माणसाने आपले. त्यानंतर गलबते थोडीच आली, आणि जी आली ती बरेच दिवस राहिली.

ती पोर आठव्या दिवशी निघाली. तिचे नाव मिरेल. वाट आठवली होती, आईची माती बघायला जायचे होते. जाताना ती येसूपुढे बसली आणि त्या दगडी हातांवर तिने गाल टेकला. खूप वेळ टेकून राहिली. बंदरावरून हाक आली तरी उठेना.

येसू खाली वाकून म्हणाली, "ऊठ गं, गार लागतील तुला."

इतकी ही कहाणी. तुमच्या दाराशी न बोलता कुणी बसले असेल, तर ते का बसले आहे हे तुम्हाला वेळेवर कळो.