गावाकडं तोंड करून

सुरूवाडीच्या किनाऱ्यावर एक होता फकीर, त्याचं नाव हसनबाबा. एक होता पट्टीचा पोहणारा, त्याचं नाव परशुराम सारंग. परशुरामाची बायको आवडा. आणि चौथा होता दर्या, त्याला कुणी नावानं हाक मारत नाही.

"पण बाबा, दर्या बंद केला कोणी?" परशुराम विचारत होता.

"मी नाही केला."

"मग उघडा म्हणून सांगा."

"तेही माझ्या हातात नाही."

हसनबाबा टेकाडावरच्या दर्ग्याच्या पायरीवर बसला होता. अनवाणी. त्याच्या पायात वहाण कुणी कधी पाहिली नव्हती. परशुरामाला पोहायला त्यानंच शिकवलेलं, पण काठावर उभं राहून. "हात सोड, पाय मार, दर्याशी भांडू नको," एवढंच ओरडायचा. स्वतः पाण्यात उतरलेला त्याला गावात कुणाच्या आईबापानंही पाहिला नव्हता.

परशुरामाचं सगळं घर त्या किनाऱ्यावर चालायचं. हिवाळ्यात पॅराशूट, उन्हाळ्यात कयाक आणि ती फुग्याची केळ्यासारखी बोट, मधूनमधून पोहण्याच्या शर्यती. पावसाळा लागला की सगळं सुरूच्या झाडांखाली उलथं पडायचं. नारळी पौर्णिमेला दर्याला नारळ दिल्याशिवाय पाण्यात कुणी उतरायचं नाही, अशी रीत.

त्या साली शहरातला एक पोहण्याचा क्लब पोरं घेऊन यायचा होता. भर श्रावणात, नारळी पौर्णिमेच्या आधी. किनाऱ्यावरून दर्यातल्या कासवखडकापर्यंत शर्यत लावा म्हणाले. परशुराम हो म्हणून बसला. सोबतीला होड्या हव्यात, तर होड्या हाकणारे तांडेल म्हणाले, आधी बाबाचा शब्द आण.

"उद्या पोरं येणार, बाबा. दर्या बघा, तेल ओतल्यासारखा पडलाय."

"तेच तर बघतोय."

"मला खडकापर्यंत डोळे मिटून जाता येतं."

"जाऊन ये मग. मी बसतो काठाला."

परशुरामाला हसू आलं. एवढंच होय!

दोघं खाली उतरले. वारा नव्हता. सुरूचं एक पान हलत नव्हतं आणि कावळे असून ओरडत नव्हते.

आमच्या किनाऱ्याची आणखी एक रीत आहे. पाण्यात उतरायचं तर वहाणा काढायच्या त्या गावाकडं तोंड करून. म्हणजे पायांना परतीची वाट ठाऊक राहते. शेंबडी पोरंसुद्धा न सांगता करतात. परशुरामानं घाईत पाय झटकले. वहाणा पडल्या त्या दर्याकडं तोंड करून. एकीचा अंगठा तुटलेला, आवडानं जाळ्याच्या निळ्या दोऱ्यानं शिवून दिलेला.

"परशा… वहाणा."

"हा आलोच की! एवढ्यात काय पाय वाट विसरतात?"

बाबानं वहाणांना हात लावला नाही. दुसऱ्याच्या वहाणा आपण फिरवायच्या नसतात.

पाणी कोमट होतं. परशुराम हात मारत होता, पण हाताचा आवाज येत नव्हता. एरवी खडकाला पोचेपर्यंत त्याला दम लागायचा. आज खडकच सामोरा आला.

तो वर चढला… आणि तिथंच थबकला.

खडकावर वहाणा होत्या.

ओळीनं लावलेल्या, देवळाबाहेर असतात तशा. सगळ्यांची तोंडं दर्याकडं. लहान लहान पायांच्या जास्त. एक पिवळी जोडी, वर बेडकाचे डोळे काढलेले. एक लाल, तिचा पट्टा तुटलेला, केसांच्या रबरानं बांधलेला. सगळ्या कोरड्या ठाक. ओळीच्या पुढं एकटीच एक जोडी, जुन्या चामड्याची, इतकी जुनी की तिच्यावर कालवं धरली होती.

आणि ओळीच्या शेवटी एक जोडी… अंगठ्याला निळा दोरा.

त्यानं हात पुढं केला. मग मागं घेतला. आणि पाण्यात उडी टाकली.

येताना तेच पाणी जड झालं. चिखलातून ओढल्यासारखा तो आला. काठाला लागला तेव्हा बाबा होता तिथंच होता.

"बाबा… तिथं वहाणा आहेत."

"असतील."

"पोराबाळांच्यासुद्धा."

"हं."

"माझ्यासुद्धा, बाबा!"

"पायात घातल्यास?"

"नाही."

"बरं केलंस."

परशुरामानं वाळूत पाहिलं. त्याच्या वहाणा तिथंच होत्या, दर्याकडं तोंड केलेल्या. भरतीचं पाणी तिथवर आलं नव्हतं, भोवतालची वाळू कोरडी होती. पण वहाणा पाण्यानं काठोकाठ भरल्या होत्या.

"आता फिरव," बाबा म्हणाला.

त्यानं त्या गावाकडं फिरवल्या. पाणी सांडलं. वाळूत जिरलं नाही. बारीक ओहळ करून सरळ दर्याकडं निघून गेलं.

"कोणाच्या त्या बाकीच्या, बाबा?"

"तूच बोलावलंयस. मला काय विचारतोस?"

सकाळी बस आली. दार उघडलं आणि पोरं टुणटुण उड्या मारत उतरली. परशुराम तोंडांकडं बघतच नव्हता, पायांकडं बघत होता.

एका पोराच्या पायात पिवळ्या, बेडकाच्या डोळ्यांच्या.

त्याच्यामागून एक मुलगी उतरली. लाल पट्टा, केसांचं रबर.

परशुराम पोरांच्या आणि पाण्याच्या मधे जाऊन उभा राहिला.

"आज दर्या बंद," तो म्हणाला.

क्लबचे सर हसायला लागले. "अहो सारंग, समुद्र बघा जरा! ताटातलं दूध वाटतंय. पोस्टरवर तर तुमचं नाव दर्याचा वाघ म्हणून छापलंय. घाबरलात की काय?"

आवडा चहाची किटली घेऊन उभी होती. तिला आपला नवरा ठाऊक. असल्या एका शब्दावर त्यानं लोकांची डोकी फोडलेली. तिनं किटली खाली ठेवली.

"हो," परशुराम म्हणाला. "घाबरलो."

मग तो वाळूत गेला आणि टाचेनं रेघा ओढायला लागला. आट्यापाट्यांचं अंगण आखलं. पोरांनी वहाणा भिरकावल्या आणि धावली. सर रागानं लाल झाले, पण पोरं कुठली ऐकतात! आट्यापाट्या झाल्या, ओल्या वाळूत कबड्डी झाली, खेकड्यांच्या शर्यती झाल्या, टेकाडावर चढायच्या पैजासुद्धा झाल्या. परशुराम मात्र मधेच वाकत होता, प्रत्येक पोराला बोलावून त्याच्याच हातानं त्याच्या वहाणा गावाकडं फिरवून घेत होता.

दर्या दिवसभर तसाच पडून राहिला. एक लाट नाही की फेस नाही. संध्याकाळी एक तांडेल आला, पाण्याकडं बघितलं आणि म्हणाला, "परशा, एवढ्याशा पाण्यात माझी कोंबडी पोहली असती रे!"

सगळे हसले. परशुरामानं मान खाली घातली आणि तीही गोष्ट गिळली.

रात्री आवडानं विचारलं, "काय बघितलंत तुम्ही?"

"काही नाही… तुझा दोरा."

तिनं दिवा मालवला.

पण त्या पोरांनी शहरात जाऊन काय सांगितलं असेल कोण जाणे. पुढच्या पावसाळ्यात एकाच्या दोन बस आल्या, वाळूत खेळायला. मग कुणी टेकाड चढायला आलं, कुणी खाडीकाठानं चालायला. सुरूच्या झाडांखाली उलथ्या पडलेल्या कयाकांवर बसून लोक भजी खायला लागले. परशुरामाचा किनारा बारा महिने चालायला लागला. दर्या आपला नारळाची वाट बघत बंद असायचा, आणि कुणाचं काही अडायचं नाही.

आणि ज्या घरात इतकी वर्षं पाळणा हलला नव्हता, तिथं आवडाला मुलगी झाली. बारशाला अख्खा गाव जेवला. तांडेलानं तीच कोंबडी कापली म्हणतात.

बारसं झाल्यावर दोघं लेक घेऊन टेकाडावर गेली. परशुरामानं बाबासाठी तालुक्याहून नव्या वहाणा आणल्या होत्या, मऊ चामड्याच्या. बाबानं पोरीच्या कपाळावर हात ठेवला. पोर हसली.

"बाबा, पाय पुढं करा."

हसनबाबानं वहाणांकडं पाहिलं. मग लांब, कासवखडकाकडं पाहिलं…

"कशाला रे आणल्यास? माझ्या आहेत की तिथं ठेवलेल्या. परत आलो की घालीन."